एक्केचाळीस शीर्षकं

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिच्या संगणकातून टक् टक् आवाज येतो आहे. अकराचा चहा घेताना आधी वाटलं, नळ गळतोय. नळ कोरडा निघाला. मग घड्याळाला कान लावला, तेही निर्दोष. शेवटी आवाजाच्या मागे मागे तिच्या टेबलापाशी आलो, तेव्हा चोर सापडला.

हा संगणक मी रोज सकाळी अकराला सुरू करतो आणि बाराला बंद करतो. त्यावर काही करत नाही. त्याची घरघर ऐकत पेपर वाचतो. ही गेल्याला पाच महिने झाले, तेव्हापासून हा नेम आहे. आत कोणीतरी कामात आहे, असं वाटतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

संगणकात हिच्या गोष्टी आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर ही दुपारी दार लावून घ्यायची आणि त्या छोट्या माइकसमोर बसून गोष्टी वाचायची. टपाल वाटणाऱ्या एका कासवाच्या गोष्टी. मुलगी लहान असताना तिला झोपवायला रचलेल्या, मग इतक्या वर्षांनी लिहून काढलेल्या. एकूण एक्केचाळीस. मुलीला लग्नानंतर नऊ वर्षांनी आता मूल होणार आहे, मेअखेरीस. ही गेली आणि पंधरा दिवसांनी ती बातमी आली. पंधरा दिवसांनी.

मुलगी दर रविवारी फोनवर म्हणते, "बाबा, आईच्या गोष्टी पाठवा हं. बाळाला आजी दिसणार नाही, निदान ऐकू तरी येऊ दे." मी म्हणतो, पाठवतो. आणि आता ही टक् टक्.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पाटीवर लिहिलंय, 'येथे संगणकाचे सर्व आजार बरे होतात'. दुकान एका बाईंचं आहे, वय चाळिशीच्या आसपास, केसांत नेहमी एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला. मी मनातल्या मनात त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतो.

मी तोंडाने टक् टक् करून दाखवलं.

"काका, हार्डडिस्क चाललीय," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"वर." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा सावरल्या. "म्हणजे आज जाईल, महिन्याने जाईल, सांगता येत नाही. आत काही महत्त्वाचं आहे?"

"आहे."

"मग आधी ते सीडीवर काढून घ्या. बाकी सगळं नंतर."

सीडीवर लिहिणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही म्हणे. लिहायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही. खोडरबर नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार खाल्ला. खोडरबर नसलेलं लिखाण म्हटल्यावर मी ते बाईंना दोनदा विचारून घेतलं. बाईंनी एका चिठ्ठीवर पथ्यं लिहून दिली, अगदी दवाखान्यासारखी. लिहिताना दुसरं काहीही उघडू नका. टेबलाला धक्का लागू देऊ नका. वेग कमीत कमी ठेवा, घाई नको. सीडी फक्त कडेने धरा. नाव टाकायला मऊ मार्कर वापरा, बॉलपेन नको. उन्हात ठेवू नका. दोन प्रती करा, दोन वेगळ्या जागी ठेवा. आणि शेवटी, खाली रेघ मारून: एकदा लावून ऐका.

चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. घरी आल्यावर लाल पेनाने दुरुस्त केल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं, म्हणून डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या, एक सीडी लिहून दाखवायला. या घरात कोणीतरी येणार म्हणून मी सकाळी तीनदा केर काढला. दोन कप मांडले. दुसरा कप कपाटाच्या मागून काढावा लागला.

बाई हिच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना तरी कसं सांगणार की तिथे बसू नका म्हणून. त्यांनी कुठे कुठे आत शिरून, फोल्डरामागून फोल्डर उघडत, पहिली गोष्ट शोधून काढली. "बघा काका, नीट बघून ठेवा, कुठून घ्यायचं ते," म्हणाल्या. मी बघत होतो, पण बघत होतो ते हिच्या कीबोर्डवरच्या 'अ'च्या बटणाकडे. ते झिजून पांढरं झालंय.

"आता याला वीस मिनिटं हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

आम्ही दोघं ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे गप्प बसलो. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू सरकत होती. निम्म्याच्या पुढे गेली असेल नसेल, आणि फोन वाजला. फोन त्याच टेबलावर आहे. रविवार सोडून माझा फोन वाजत नाही. मी असा काही उठलो की चहाचा ट्रे आडवा झाला, माझा पाय वायरीत अडकला, प्लग निघाला आणि पडदा काळा.

फोन चुकीचा नंबर होता.

"ही गेली," बाईंनी सीडी बाहेर काढून उजेडात धरली. "अर्धवट लिहिलेली सीडी पुन्हा वापरता येत नाही. असू द्या, संगणक सुरू होतोय, नशीब." मी ओशाळून फडक्याने चहा पुसत राहिलो. जाताना दारातून त्या म्हणाल्या, "काका, आतल्या फाईली घ्या हं, बाहेरच्या नाही." मी म्हटलं, हो हो. आतल्या काय, बाहेरच्या काय, मला तेव्हा चहा गालिच्यात जिरतोय याची पडली होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बिघडलेली सीडी फेकवेना. दोरा ओवून स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली. कबुतरं तिच्या चकाकीला भितात, असं ऐकून होतो. उन्हात ठेवू नका म्हणतात, पण मेलेल्याला कसलं पथ्य? एक कबूतर मात्र तिच्यात आपलं तोंड बघत बसलं होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

झालं! माझ्या हाताने झालं!

सगळी पथ्यं पाळली. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. खिडक्या लावल्या, पंखा बंद. टेबलाच्या लंगड्या पायाखाली चौघडी करून पुठ्ठा घातला. वेग सगळ्यात कमी. चिठ्ठी समोर टेकवून एकेक ओळीवर टिचकी मारत गेलो.

गोष्टी शोधायला त्रास पडला नाही. पडद्यावर अगदी पहिल्या पानावरच 'कासव' नावाचा फोल्डर आहे. जावयाने मागच्या खेपेला हिला पटकन सापडावं म्हणून समोर मांडून दिला होता. उघडला तर एकाखाली एक एक्केचाळीस नावं. बाईंसारखं आत आत शिरायची गरजच नव्हती. प्रत्येक नावाशेजारच्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण आहे. छापखान्यात असाच बाण आम्ही 'हे इथे घ्या' म्हणून काढायचो. हिनेच केलेली खूण असणार. माझ्याकडून काहीतरी उचललं म्हणायचं.

बाई म्हणाल्या होत्या, पाच-सहा सीडी लागतील आणि प्रत्येकीला वीस मिनिटं. सगळ्या गोष्टी एकाच सीडीत मावल्या आणि दोन मिनिटांत काम फत्ते. ही दुकानदार मंडळी उगाच घाबरवतात. चिठ्ठीवर मी लिहून ठेवलेलं 'पाच-सहा' खोडून 'एक' केलं.

मग खरं काम केलं, जे मला येतं. हिच्या वहीत एक्केचाळीस गोष्टींची यादी आहे. ती डाव्या हाताला घेतली आणि सीडीवरची नावं पडद्यावर उजवीकडे. एकेक अक्षर ताडून पाहिलं. 'कासव आणि न उघडलेलं पाकीट'. 'कासवाला पत्ता सापडत नाही'. 'पावसात भिजलेलं पत्र'. 'कासव सुट्टीवर जातं'. एक्केचाळिसाव्यापर्यंत काना-मात्रेचासुद्धा फरक नाही. एवढी शुद्ध प्रत मी माझ्या नोकरीत दोनदा पाहिली असेल.

अशा तीन प्रती केल्या. दोन सांगितल्या होत्या.

'एकदा लावून ऐका' एवढं राहिलं. वारंवार लावलं की सीडी झिजते, असं माझं मत आहे. शिवाय नावं बरोबर आहेत. शिवाय आज दमलो.

खरं ते लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे. भर दुपारी या खोलीत तिचा आवाज आला, तर मी कुठे बघायचं?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अकराला बटण दाबलं. दोनदा टक् टक् झालं आणि मग काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

वेळेवर काम उरकलं म्हणून स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. तरी बारा वाजेपर्यंत तिथेच बसून होतो. घर फार गप्प आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भंगारवाला आला होता. संगणक देऊन टाकला. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं होतं की काय, असं एकदा मनात आलं, पण त्या बंद डब्याकडे रोज बघायला मला नको होतं. भंगारवाल्याने तो बगलेत मारला, जिना उतरताना एकदा कठड्याला आपटला. मी ओरडलो, "हळू!" तो म्हणाला, "आता काय हळू, काका?"

टेबलावर धुळीचा एक चौकोन राहिलाय. पुसला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलीला सीडी पाठवली. आधी मऊ कापडात, मग पुठ्ठ्यात, मग डब्यात, मग परत पुठ्ठ्यात. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "काच आहे का?" मी म्हटलं, "काचेपेक्षा जास्त." सीडीवर मार्करने लिहिलंय, 'कासव. गोष्टी १ ते ४१. आजी'. 'आजी' जरा तिरपं आलं, आणि मार्करचं लिखाण पुसता येत नाही. असो.

१ मार्च, रविवार

मुलीचा फोन. अजून पोचली नाही. बाळ लाथा मारतं म्हणाली. माझ्या जेवणाची चौकशी केली. मी म्हटलं, जेवतो. "काय जेवता?" म्हणाली, तर एकदम आठवेना. मग पंधरा मिनिटं तीच बोलली. हे पंधरा मिनिटांचं बोलणं मला शनिवारपर्यंत पुरवावं लागतं.

१५ मार्च, रविवार

"बाबा, यात काहीच नाहीये."

मी म्हटलं, तुमचं मशीन तपासा. ती म्हणाली, दोन मशीनवर लावून पाहिली. मी म्हटलं, कडेने धरली होती का? तिने मोठा श्वास घेतला. "बाबा, नावं दिसतात. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. पण एकही उघडत नाही."

"नावं दिसतात ना? मग झालं तर! जावयांना सांग नीट बघायला."

जावई फोनवर आले. चांगला माणूस आहे, कधी आवाज चढवत नाही. "बाबा, तो जुना संगणक अजून आहे ना घरात?" एवढंच त्यांनी विचारलं, अगदी हलक्या आवाजात. त्यांचा तो हलका आवाज मला मुळीच आवडला नाही.

१७ मार्च, मंगळवार

उरलेल्या दोन्ही सीडी घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी एक लावली. पडद्याकडे बघितलं. मग दुसरी लावली. केसांतला स्क्रूड्रायव्हर काढला, परत खोचला.

"काका, बसा जरा."

"उभ्यानेच सांगा."

"तुम्ही बाहेरच्या घेतल्यात. हे शॉर्टकट आहेत. म्हणजे... गोष्ट आत कपाटात ठेवलेली असते, आणि समोर नुसती तिच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठीवर बोट ठेवलं की संगणक आत जाऊन गोष्ट आणतो. तुम्ही चिठ्ठ्या तेवढ्या लिहून घेतल्यात. हा बाण दिसतोय ना, तो त्याचीच खूण."

मी म्हटलं, "मी सगळं तपासलं होतं."

"लावून ऐकलं होतं?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तेवढं बरं. मी नाही म्हणून मान हलवली.

चाळीस वर्षांत माझ्या हातून असलं काही सुटलं नाही. साडेतीनशे पानांची पुस्तकं कोळून प्यायलो. आणि घरच्या पुस्तकाची नुसती शीर्षकं तपासून, मजकूर न वाचता, 'शुद्ध' म्हणून सही ठोकली. नवशिक्या माणसाने असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवला असता.

"संगणक घेऊन या," बाई म्हणाल्या. "मेलेल्या डिस्कमधूनही कधी कधी निघतं."

मी घरी आलो तो कसा आलो, आठवत नाही.

१८ मार्च, बुधवार

भंगाराच्या वखारीत गेलो. मोठं मैदान आहे, कुंपणाला पत्रे. एका बाजूला बाटल्या, एका बाजूला लोखंड, आणि मध्ये माणसाच्या उंचीचा ढीग, सगळा संगणकांच्या आतड्यांचा. भंगारवाल्याने मला ओळखलं. त्याला मी हात जोडले. तो गांगरला. "काका, तुमचा डबा त्याच आठवड्यात फोडला. डिस्का फोडून वेगळ्या विकतात. ट्रक गेला."

तरी मी दुपारपर्यंत ढिगात शोधत होतो. काय शोधत होतो, ते मलाच माहीत नव्हतं. सगळे डबे सारखेच दिसतात. फक्त एक कीबोर्ड सापडला, 'अ' झिजलेला. तो तिचा नव्हता, तिचा मी ठेवून घेतलाय. दुसऱ्या कोणाचंही 'अ' झिजतं, हे मला तिथे कळलं.

२९ मार्च, रविवार

मुलीला खोटं सांगितलं. म्हटलं, सीडी बिघडली असेल, दुसरी पाठवतो. "लवकर पाठवा," म्हणाली. "आता दोनच महिने राहिलेत. मला तर आतापासूनच लावायच्या आहेत, पोटात ऐकू येतं म्हणतात."

मी म्हटलं, पाठवतो.

५ एप्रिल, रविवार

फोन वाजत होता. उचलला नाही.

९ एप्रिल, गुरुवार

आज ठरवलं की एखादी गोष्ट आपणच आठवून लिहावी. हिने मुलीला झोपवताना शेकडो वेळा सांगितल्या. भिंतीपलीकडे मी प्रुफं तपासत बसलेला असायचो. वही घेतली, 'कासवाला पत्ता सापडत नाही' असं वर लिहिलं. पुढे एक ओळ सुचेना. पत्ता का सापडत नाही? कोणाचा पत्ता? कासवाला नाव होतं का? मला माहीत नाही. मला एक्केचाळीस शीर्षकं तोंडपाठ आहेत आणि गोष्ट एकही येत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी डॉक्टरीणबाई दारात. "काका, चार आठवडे दिसला नाहीत. म्हटलं, बघून यावं."

मी चहा टाकला. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खिडकीकडे बघत होत्या.

"ती कुठली सीडी?"

"कबुतरांची."

"काका, ती त्या दिवशीची का? मी लिहीत होते ती? प्लग निघाला तेव्हाची?"

"तीच. बिघडलेली. तुम्हीच म्हणालात ना..."

त्यांनी स्टूल ओढलं, चढल्या, दोरा दातांनी तोडला. सीडी हातात घेतली, अगदी कडेने. "ही मी आतल्या फाईलमधून घेतली होती," म्हणाल्या. "सीडी आतल्या कडेकडून बाहेर लिहीत जाते. निम्मं लिहून झालं होतं. शेवटची नोंद झाली नाही, म्हणून मशीन तिला वाचत नाही, पण लिहिलेलं कुठे जातंय?" मग तिच्यावर पडलेलं ऊन बघून त्यांचा चेहरा उतरला. "दोन महिने उन्हात होती ना. कबूल करत नाही हं काका. आशा लावून बसू नका."

चहा न पिताच गेल्या. मी आशा लावून बसलो आहे.

१५ एप्रिल, बुधवार

दुपारी बोलावणं आलं. बाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि मला मोठे हेडफोन दिले.

"जुनं मशीन लावलं, दोन दिवस वाचतंय. बाकी सगळी खरखर आहे. सुरुवातीचं एक मिनिट पन्नास सेकंद तेवढं निघालं. मी थोडंसंच ऐकलंय, निघालं की नाही ते बघायला." आणि त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

मी ऐकलं. ऐकलं ते जसंच्या तसं इथे उतरवून ठेवतो, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ही: "झालं का सुरू? रेघ हलतेय... हलतेय. बरं." घसा साफ करते. "गोष्ट पहिली. कासव आणि न उघडलेलं पाकीट. एक होतं कासव. ते गावोगाव टपाल वाटायचं. सगळ्यात उशिरा पोचायचं, पण पोचायचं नक्की."

दार उघडतं. दणकन.

मी: "इथे माझं लाल पेन होतं."

ही: "अहो, हळू! रेकॉर्डिंग चालू आहे. पेन तुमच्या कानावर आहे."

मी काही बोलत नाही. नुसती पावलं.

ही: "अहो. बसा ना इथे जरा. पहिलीच गोष्ट आहे. तुम्ही ऐका की."

मी: "आत्ता नको. काम आहे मला. नंतर ऐकतो."

दार लागतं.

मग बराच वेळ काही नाही. श्वास ऐकू येतो. मग ही हसते, अगदी थोडी, नाकातल्या नाकात, आणि म्हणते, "हे पुसायला पाहिजे." पुन्हा घसा साफ करते. "एक होतं कासव." मग खरखर.

तेव्हा मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मला कसलंही काम नव्हतं.

हेडफोन काढले तेव्हा बाई आत आल्या होत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काका, मधला तो दाराचा आणि बोलण्याचा भाग काढता येईल. सुरुवात आणि शेवट जोडून देते. बाळासाठी स्वच्छ होईल."

छापखान्यात एखादा शब्द चुकून खोडला गेला, तर आम्ही त्याच्याखाली टिंबं देतो. टिंबं दिली की जुळणीवाला समजतो, आहे तसं राहू द्यायचं. मी बाईंना म्हटलं, "खाली टिंबं द्या." त्यांना कळलं नाही. "राहू द्या," मी म्हटलं. "सगळं राहू द्या."

१६ एप्रिल, गुरुवार

दुकानात बसून माझ्या हाताने दोन सीडी लिहिल्या. आतल्या फाईलवरून. बाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या, टेबलाकडे कोणाला फिरकू दिलं नाही. झाल्यावर दोन्ही लावून ऐकल्या, पहिल्यापासून खरखरीपर्यंत. मी म्हणालेलं 'नंतर ऐकतो' दुसऱ्यांदाही पहिल्याइतकंच लागलं. झिजत वगैरे काही नाही.

एक पोस्टात टाकली. एक बाईंच्या दुकानात ठेवली, कपाटात, अंधारात. दोन वेगळ्या जागी.

१९ एप्रिल, रविवार

फोन उचलला आणि तिने काही बोलायच्या आत सांगून टाकलं. शॉर्टकट, भंगारवाला, वखार, सगळं. चाळीस गोष्टी गेल्या, एकीचं तोंड तेवढं राहिलं, असं स्पष्ट सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्ही लावून ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं ना, बाबा."

"हो."

"कधीच ऐकल्या नव्हत्या? आई होती तेव्हाही?"

"नाही."

"आई म्हणायची, बाबा ऐकतील एक दिवस. त्यांचं काम संपलं की."

ती रडत होती की नाही, कळलं नाही. फोन मात्र तिने ठेवला. पंधरा मिनिटं झाली नव्हती.

२६ एप्रिल, रविवार

सकाळपासून फोनसमोर बसलो होतो. दुपारचे बारा वाजले, एक वाजला. आज काही येत नाही म्हणून उठलो आणि वाजला. या वेळी वायरीत पाय अडकू दिला नाही.

"मिळाली," ती म्हणाली. आवाज बसलेला. "चार वेळा लावली."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, तुमचा पण आवाज आलाय."

"काढून टाकता येतो म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"कोण डॉक्टरीणबाई? बरं नाही का तुम्हाला?"

मग ते समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. ती हसली, महिन्यानंतर पहिल्यांदा. म्हणाली, "काढायचं नाही हं काही. हे असंच होतं आपल्या घरात. बाळाला कळू दे."

मग म्हणाली, "मला येतात बाबा, गोष्टी. सगळ्या नाही, पण बऱ्याच येतात. मी इतक्या वेळा ऐकल्यात. बाळ आलं की मला वेळ मिळायचा नाही. तुम्ही लिहून घ्याल का? मी सांगते, तुम्ही लिहा."

मी वही ओढली. लाल पेन होतं, तेच घेतलं.

"लिहिता लिहिता चुका काढायच्या नाहीत," ती म्हणाली. "आईसारखं जमलं नाही तरी मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आत्ता सांगू? की तुम्हाला काही काम आहे?"

मी पेन खाली ठेवलं. मनात म्हटलं, लिहिणं ती दुसऱ्यांदा सांगेल तेव्हा, आधी नुसतं ऐकायचं.

"नाही," मी म्हटलं. "काही काम नाही. तू सांग."

"एक होतं कासव," ती म्हणाली, आणि मी ऐकलं.